आवडाबाईच्या खोपटाची तपासणी

‘बालक हा राज्याचा पाया होय.’

जाहीरनाम्याची पहिलीच ओळ ही होती, आणि मिठागराचा मुकादम गुणाजी यानं ती खोपटाच्या दारात उभं राहून, समोर हजारभर माणसं बसली असावीत अशा आवाजात वाचली. त्या वेळी राज्याचा पाया कमरेला काथ्या बांधून खोपटाच्या मधल्या खांबाभोवती फिरत होता. पायाच्या नाकाला शेंबूड होता आणि तोंडात चिखल होता.

"थुक रं मधु," आवडाबाई म्हणाली आणि बोट घालून तिनं पायाच्या तोंडातला चिखल बाहेर काढला. मग ते बोट पदराला पुसत म्हणाली, "हां. वाच पुढं."

पुढं पुष्कळ होतं. मजुरांची मुलं जिथं दिवसभर ठेवली जातात अशा जागांची ठाण्याच्या कचेरीतून तपासणी व्हायची होती. मुलं आंघोळ घातलेली असावीत, त्यांच्या अंगावर रोग नसावा, जागेत जनावर नसावं, आणि मुलांना बांधून वा कोंडून ठेवू नये. यातलं काहीही कमी-जास्त आढळलं तर जागेला टाळं.

"टाळं कुठं लावनार?" आवडाबाईनं विचारलं. "दारच नाय."

"ते त्यांचं ते बघतील. पण लावतील," गुणाजी म्हणाला. सरकारवर त्याचा विश्वास होता.

ही गोष्ट अठराशे नव्वदच्या आगेमागेची. बाळकुमच्या खाडीकाठी तेव्हा मीठ पिकत असे. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, उन्हात मुरवायचं आणि तळाला बसलेलं मीठ ओढून बायकांच्या डोक्यावरून ढिगाला न्यायचं. आवडाबाईनं चाळीस वर्षं हेच केलं होतं. पुढं मिठानं तळपाय इतके चिरले, की उभं राहणंच जड झालं. मग तिनं बांधाच्या टोकाला हे खोपटं घातलं आणि मीठ वाहणाऱ्या बायका पहाटे आपापली पोरं तिथं टाकून कामाला जाऊ लागल्या. सहा झोळीत आणि आठ पायावर, अशी चौदा पोरं होती. बदल्यात कुणी ओंजळभर तांदूळ देई, कुणी सुके बोंबील. झोळीतली रडत आणि पायावरची पळत. रडणाऱ्यांसाठी तिनं एक शेळी पाळली होती आणि पळणाऱ्यांसाठी काथ्या. काथ्याचं एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं मधल्या खांबाला. लांबी साडेतीन हात, ना कमी ना जास्त.

संध्याकाळी बायका जमल्या. जयाचं पोर सहा महिन्यांचं. ते छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "आवडाबाय, तुझं खोपटं बंद जालं तं मी याला कुठं ठेवू? बांधावर? उन्हात?"

खोपटं होण्याआधी पोरं बांधावर उन्हातच ठेवत, आणि त्यातली सगळीच आज मोठी झालेली नव्हती.

"काय नाय होत," आवडाबाई म्हणाली. "शेळी मागच्या अंगाला बांधू. पोरांना सकाली न्हाऊ घालू. पोरा अशी चकचकीत करू, का साहेबाला डोले मिटावे लागतील."

आता आंघोळीला पाणी लागतं. गोडं पाणी गावातल्या विहिरीवरून डोक्यावर यायचं, दिवसाला दोन हंडे, तेही प्यायला. चौदा पोरांच्या आंघोळीला ते काढलं असतं तर पोरं स्वच्छ आणि तहानलेली अशी दोन्ही झाली असती. आवडाबाईला मात्र यात अडचण दिसलीच नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की मैलभर पाणी पसरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवडाबाई, जया आणि जयाची नणंद शकू अशा तिघींनी मिठागराच्या पिकायला आलेल्या पाण्यात फडकी बुडवून चौदाच्या चौदा पोरं घासून काढली. पोरं अशी कोकलली, की खाडीपलीकडच्या कळव्याच्या लोकांना आज तपासणी आहे हे कळलं असावं. मग त्यांना ओळीनं उन्हात बसवलं.

दहा वाजेपर्यंत पोरं सुकली आणि पांढरी झाली. डोक्यापासून टाचेपर्यंत, पापण्यांसकट.

हे आवडाबाईच्या लक्षात यायला हवं होतं, असं आपल्याला वाटेल. पण ज्या माणसांत ती जन्मली, वाढली आणि म्हातारी झाली, ती सगळी रोज संध्याकाळी याच रंगाची होऊन घरी येत. तिनं पोरांकडं पाहिलं आणि तिला ती फार छान दिसली. मग तिनं झोळीतली झोळीत टाकली आणि पायावरची, जाहीरनाम्यात काही का असेना, आत खांबाला बांधली.

सॅनिटरी इन्स्पेक्टर दिनानाथ चौबळ अकराला आले. वय तिशीच्या आत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्यावर पगडी, काखेत छत्री. चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि तिच्या जागी दोरा कानाला बांधलेला होता. मागून पट्टेवाला दगडू खुर्ची घेऊन आला. खुर्ची दारात मांडली, साहेब बसले, त्यांनी चष्मा दोऱ्यासकट सावरला, समोर पाहिलं आणि खुर्चीसकट दोन हात मागं सरकले.

"हे... हे कधीपासून आहे?"

"सकालपासना," आवडाबाई अभिमानानं म्हणाली.

"सगळ्यांना? एकदम?"

"एकदम कसा व्हील? येकेकाला धरून धरून केलाय. तू घाबरू नको, तान्ह्यांना पन सोरला नाय."

"अगं, अहो म्हण!" गुणाजी कुजबुजला.

"अहो? नवऱ्याला कदी बोलली नाय," आवडाबाईनं त्याला ऐकवलं. तिच्या बोलीत देवालाही तूच म्हणत.

साहेबांनी टाक काढला. बालकांच्या सर्वांगावर श्वेतवर्णी खपली, असं लिहिलं. तेवढ्यात मधुनं काखेत खाजवलं, म्हणून पुढं ‘कंडू अतिशय’ हेही जोडलं. मग उभं राहून ते म्हणाले, "मुकादम, हा सांसर्गिक त्वचारोग आहे. जागा आत्ताच्या आत्ता बंद करा. चौदाही मुलं वेगळी काढावी लागतील, आणि त्यांच्या आयासुद्धा."

गुणाजीनं बोटांवर हिशेब केला. सगळ्या आया वेगळ्या काढल्या तर मिठागरावर तो आणि मीठ एवढेच उरणार होते.

"रोग कसला!" आवडाबाई म्हणाली. "मीठ हाय ते."

"बाई, तुम्ही वैद्यक शिकला आहात?"

"नाय. तू चाटून बघ."

"मी सरकारी नोकर आहे," चौबळ म्हणाले. "मी चाटत नसतो." थोडं थांबून ते मागं वळले. "दगडू."

"साहेब, मी अजून कायम झालो नाही," दगडू नम्रपणे म्हणाला. "हंगामी माणसानं चाटलेलं कचेरीत धरतील का?"

हा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. चौबळांनी क्षणभर त्यावर विचारही केला. पण तेवढ्यात खोपटामागं काहीतरी तटकन तुटलं आणि शेळी आत आली.

वास्तविक शेळी पहाटेपासून मागच्या खुंटाला बांधून अदृश्य केलेली होती. पण मिठाचा एक खडा दिसला तरी जी बांध ओलांडते, तिच्या नाकाला चौदा खारवलेली पोरं किती वेळ सोसणार? काथ्या चावून ती आली ती थेट मधुपाशी. कपाळापासून सुरुवात करून तिनं त्याला हनुवटीपर्यंत चाटला. मधु खिदळला. जीभ जिथून गेली तिथून खपली गेली आणि खालून सावळा, ठणठणीत मधु बाहेर आला. मग शेळीनं पाठ घेतली.

साहेब टाक हवेत धरून बघत राहिले.

"शेळीनं केली चौकशी," दगडू पुटपुटला.

अशा रीतीनं रोगाचा मुद्दा शेळीनं निकालात काढला, आणि जागेत जनावर असल्याचा मुद्दा स्वतःच हजर केला. कचेरीच्या माणसाला एक कलम निसटलं की दुसरं घट्ट धरावंसं वाटतं. चौबळांनी शेळी लिहिली. मग त्यांची नजर शेळीच्या गळ्यातल्या तुटक्या काथ्याकडं गेली, तिथून पोरांच्या कमरांकडं, तिथून खांबाकडं. खांबाकडं ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"तोच दोर," ते हळूच म्हणाले. आणि मग आवाज चढवून, "शेळीला जो दोर, तोच मुलांना? बाई, ही माणसाची लेकरं आहेत! दगडू, सोड सगळ्यांना."

"सोरू नको," आवडाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात विनवणी होती. "आता नको. पुनव आलीय. भरती चढतेय, उघाडी उघडी हाय."

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात ठेवलेलं लाकडी दार. चौबळांना उघाडी ठाऊक नव्हती, कलम ठाऊक होतं. त्यांनी दगडूला पुन्हा खूण केली. गाठी सुटेनात, तेव्हा दगडूनं खिशातला चाकू काढला आणि कचाकच काथ्ये कापत सुटला.

पोरांनी आधी एकमेकांकडं पाहिलं. मग कमरेकडं. आणि मग, राज्याचा पाया निघाला.

सात पोरं सात वाटांनी गेली. सगळ्या वाटा अर्थात पाण्याकडंच जात होत्या, कारण तिथं दुसरं काही नव्हतंच. आवडाबाई उठली, दोन पावलं टाकली आणि तळपाय धरून खाली बसली. "धरा रं! धरा त्यांना!" ती ओरडली. तो आवाज ऐकून ढिगावरच्या बायकांनी डोक्यावरच्या पाट्या तिथंच टाकल्या.

चौबळही धावले. पहिल्या बांधावर छत्री गेली, दुसऱ्यावर पगडी, तिसऱ्यावर चिखलानं एक बूट ठेवून घेतला. दगडूनं दोघांना काखोटीला मारलं, गुणाजीनं एकाला शेंडीला धरलं. आणि मधु, ज्याच्या अंगावर आता मीठही उरलं नव्हतं, तो तुरुतुरु उघाडीकडं निघाला होता. तिथं पाणी घुसळत, गुरगुरत आत येत होतं. मधु काठावर थांबला, वाकला आणि पाण्याला म्हणाला, "ये."

चौबळांनी उडी घेतली. मधुचा हात त्यांच्या मुठीत आला आणि दोघंही बाजूच्या मिठाच्या पाण्यात धप्पकन आडवे झाले. पाणी मांडीभरच होतं. पण चौबळ उठले तेव्हा मधु हसत होता, आणि साहेबांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता.

सगळे खोपटात परत आले. आवडाबाईनं मोजायला सुरुवात केली. झोळीतली सहा. आणलेली सात. तेरा.

तिनं पुन्हा मोजलं. तेरा.

शकूनं डोळे उघाडीच्या बाजूला वळवले. "माझी नीला," ती म्हणाली. "नीला कुठंय?"

चौबळ दाराशी कुडाला धरून उभे होते. त्यांनी कोट काढायला सुरुवात केली. तेवढ्यात खांबामागून जांभईचा आवाज आला.

दीड वर्षाची नीला खांबाला टेकून बसलेली होती. दगडूचा चाकू तिच्यापर्यंत पोचायच्या आतच पळापळ झाली होती. तिच्या कमरेचा काथ्या तसाच होता. बांधलेलं पोर मोजायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शकूनं तिला उचललं तेव्हा काथ्या खांबापर्यंत ताणला गेला. त्या काथ्याकडं चौबळ पुन्हा एकदा बघत राहिले.

जयानं साहेबांना हंड्यातलं गोडं पाणी दिलं. दारातल्या उन्हात, खुर्चीत बसल्या-बसल्या ते वाळू लागले, आणि वाळता वाळता पांढरे झाले. आधी कोट, मग मिशी. शेळी आली आणि त्यांचा डावा हात चाटू लागली. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"साडेतीन हातच का?" त्यांनी विचारलं.

"चार जाला का पोर बांधावर जातंय," आवडाबाई म्हणाली. "राघो माजा एवराच व्हता, मधुएवरा. तवा मी मीठ वाहत व्हते, आनि काथ्या नव्हता."

तिनं ते, आज भरती किती वाजता आहे हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात सांगितलं आणि नीलाच्या कमरेची गाठ तपासून बघितली. करकचली तर नाही ना, म्हणून आत बोट घालून.

चौबळांनी भिजलेला कागद मांडीवर पसरला. श्वेतवर्णी खपलीवर काट मारली. शेळीपुढं ‘दुधाकरिता’ असं लिहिलं. बांधून ठेवण्याच्या कलमापाशी टाक बराच वेळ अडला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘मुले बुडू नयेत याची तजवीज आहे.’ खाली सही केली. गुणाजीनं कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि त्याच्या कपाळाला शाई लागली.

"जागा चालू राहील," चौबळ म्हणाले.

ते उठले. दगडूनं एक बूट, अर्धी पगडी आणि खुर्ची उचलली. बायका दाराशी दाटल्या होत्या. साहेब वळले, त्यांनी घसा खाकरला. आता राज्य, पाया असं काही तरी ऐकावं लागणार म्हणून गुणाजी हात जोडून उभा राहिला.

"आवडाबाई."

"बोल."

साहेबांनी कानाला बांधलेला चष्म्याचा दोरा चाचपला. "आमचं घर तळ्याच्या काठाला आहे. धाकटी नुकतीच चालायला लागलीय. हा चष्मा तिनंच मोडला. साडेतीन हात काथ्या मिळेल का? आणि ती गाठ... जरा सावकाश मारून दाखवा."