वळणीवरची धाबळी

त्र्यंबकरावांच्या घरात पिसवा झाल्या, आणि त्याही नेमक्या व्याही यायचे होते त्याच आठवड्यात. तसं पाहिलं तर पिसवा कोणाच्या घरात होत नाहीत? पण ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत साहेबासमोर अदबीने उभं राहणाऱ्या कारकुनाने खाजवायचं तरी कसं, सांगा. बिचारे हातातला कागद मुद्दाम खाली पाडत आणि तो उचलता उचलता पोटरी खाजवून घेत. साहेबाला वाटे, या माणसाच्या हाताला कंप सुटलाय.

या सगळ्याचं मूळ होतं बकुळा, म्हणजे त्यांच्या मालनची मांजरी. आणि मालनचीच तर खरी काळजी होती. पोर दिवाळसणाला नौपाड्यात माहेरी आली ती आलीच. चैत्र लागला तरी कल्याणहून तिला न्यायला कोणी फिरकलं नव्हतं. विहिरीवर बायका तिच्या आईला, गोदाबाईंना, गोड आवाजात विचारायच्या, मालन अजून इथंच का हो? त्या माउलीच्या काळजाला घरं पडायची. अशात निरोप आला की व्याही गोपीनाथपंत सोमवारी जेवायला येताहेत, मालनबद्दल काय ते बोलायला. झालं, घरात कोणाला घास गोड लागेना.

गोपीनाथपंत कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदार. सोवळं असं कडक की आगगाडीतून उतरल्यावर आंघोळ केल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. अशा माणसाला पिसू चावली तर मालन जन्माची माहेरीच राहणार, हे त्र्यंबकरावांनी मनाशी धरलं आणि ते पिसवांच्या मागे हात धुऊन लागले.

आधी कडुलिंबाचा धूर केला. घरातली माणसं खोकत अंगणात आली, बकुळा कौलांवर गेली, पिसवा मात्र जागच्या हलल्या नाहीत. मग बकुळेला तंबाखूच्या पाण्याने आंघोळ घालायचं ठरलं. तिने त्र्यंबकरावांच्या दोन्ही हातांवर नखांनी नक्षी काढली आणि ओल्या अंगाने थेट देवघरात शिरून अंग झाडलं. देवांना तंबाखूचं स्नान घडलं. त्र्यंबकरावांची विधवा बहीण आवडाबाई तासभर देव घासत बसली होती आणि भावाचा उद्धार करत होती.

अखेर आवडाबाईंनीच कारभार हातात घेतला. पिसवांना लोकरीची ओढ असते, असं त्यांचं ठाम मत. रविवारी त्यांनी जुनी लोकरीची धाबळी माजघरात अंथरली, तीवर बकुळेला निजवलं आणि सकाळी पाहतात तर काय, घरातल्या यच्चयावत पिसवा धाबळीत! जमीन कशी निर्मळ. त्र्यंबकराव आनंदाने चक्क बहिणीच्या पाया पडले. धाबळी खाडीत नेऊन बुडवायची, एवढंच उरलं होतं. पण पाहुणे यायची वेळ झालेली, आता खाडीवर जातंय कोण? जेवणं झाल्यावर बघू, म्हणून आवडाबाईंनी ती काठीने उचलली आणि कोणाचा हात लागू नये म्हणून मागच्या पडवीत कपडे वाळत घालायच्या उंच वळणीवर टाकून दिली.

इथंच घात झाला. कारण कोणाचा हात लागू नये म्हणून लोक वळणीवर काय टाकतात? सोवळं.

पंत आले, विहिरीवर आंघोळ केली आणि गाठोडं सोडणार तो त्यांना आठवलं की गाडीत कोणीतरी ते ओलांडलं होतं. आतला सोवळ्याचा रेशमी कद ओवळा झाला. मान वर करून पाहतात तो उंचावर धाबळी, खाली भिंतीला टेकवलेली काठी. घर शिस्तीचं आहे हो, असं मनात म्हणत त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढली, नेसले आणि उरलेली खांद्यावर घेतली.

हे घरात कळलं तेव्हा पंतांनी पाटावर बसून आपोशन घेतलेलं होतं. आता हात धुवेपर्यंत बोलायचं नाही आणि उठायचं नाही, हा त्यांचा नेम. आवडाबाईंच्या हातातली कढीची पळी तशीच राहिली. त्र्यंबकरावांना तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

पहिल्यांदा पंतांचा डावा खांदा उडाला. मग भुवई. मग मांडी. उजवा हात उष्टा, डावा मांडीखाली दाबून धरलेला, आणि चेहरा कोर्टात निकाल ऐकताना असतो तसा. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा आवडाबाई घाईने म्हणाल्या की कढी तिखट झाली असेल. पुरणाची दुसरी पोळी पंतांनी मानेनेच नाकारली. व्याह्याने पोळी नाकारली म्हणजे संपलंच. गोदाबाई आत जाऊन रडू लागल्या.

हात धुऊन पंत ओटीवर आले. बसले नाहीत. चेहरा लालबुंद.

"त्र्यंबकराव, मला तोंड दाखवायला जागा नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात पिसवा झाल्यात. दिवाळीपासून. गोठ्यातून घरात आल्या त्या जातच नाहीत. तुमच्या निर्मळ घरातली पोर त्यात कशी आणायची, म्हणून तिला न्यायला कोणाला धाडलं नाही. आज इथं येऊन आंघोळ केली, तुमचं सोवळं नेसलो, तरी मेल्या अंगावरून आल्याच. तुमचं घर नासवलं मी."

त्र्यंबकरावांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. दाराआडून आवडाबाई तोंडावर बोट ठेवून खुणावत होत्या. त्र्यंबकराव मोठ्या मनाने म्हणाले, "चालायचंच, पंत." अहो, माफसुद्धा करून टाकलं त्यांनी!

"तुमचा मोठेपणा," पंत म्हणाले. "पण आता कुठल्या तोंडाने सून मागू? घर निर्मळ होईस्तोवर राहू दे तिला इथंच. वर्ष लागेल, दोन लागतील."

त्र्यंबकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर लेक घरी बसते. तेवढ्यात मालन दाराबाहेर आली. सुनेने सासऱ्यासमोर उभं राहून बोलायचे ते दिवस नव्हते.

"मामंजी, पिसवा आमच्या आहेत," ती म्हणाली. "तुम्ही नेसलात ती धाबळी सोवळ्याची नाही. घरातल्या सगळ्या पिसवा तिच्यात धरल्यात."

पंतांनी खाली धाबळीकडे पाहिलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

पंत हळूच खाली बसले. डोळे मिटले. डावा हात मानेमागून पाठीत घातला आणि कोर्ट, सोवळं, व्याहीपण सगळं विसरून करकरा खाजवलं. ते सुख बघून त्र्यंबकरावांनाही राहवेना, तेही शेजारी बसून पोटऱ्यांना लागले. आठवडाभराचा कोंडमारा होता तो.

"सूनबाई," पंत डोळे न उघडताच म्हणाले, "बोचकं बांध. आजच निघायचं. तुझ्यासारखी खरं बोलणारी घरात हवी. आणि त्र्यंबकराव, जरा इकडे सरका. दोन खांद्यांच्या मधोमध माझा हात पोचत नाही."

त्र्यंबकराव सरकले.