तळ्यावरची उपासना

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी आमच्या लुथरन चर्चमध्ये नऊ बायका, एक झोपलेलं मूल आणि पास्टर सोल्वेग एवढीच मंडळी होती. पुरुष सगळे तळ्यावर. मिनेसोटात तळं गोठलं की पुरुषमाणूस बर्फावर खोपटं उभं करतो, आत शेगडी पेटवतो, बर्फाला भोक पाडून गळ सोडतो आणि मार्चपर्यंत माणसांत येत नाही. देवावर त्यांचा राग नव्हता, पण देव एप्रिलमध्येही भेटतो, मासा भेटत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

उपासना संपल्यावर कॉफीच्या वेळी चर्चच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष ऑर्विल हॉगडाल उगवले. अंगाला मासळीचा वास होता.

"पास्टरबाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पण नऊ जणींसाठी एवढी इमारत तापवायची म्हणजे जरा जास्तच होतं. पुढच्या वर्षीपासून हिवाळाभर कुलूप लावू, असा ठराव मांडतोय मी. फेब्रुवारीअखेर मतदान."

"आणि हिवाळ्यात मी काय करायचं?"

"मासे धरा," ऑर्विल म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते.

अर्ध्या वर्षाच्या पगारावर भागलं नसतं, सोल्वेगला दुसरं गाव शोधावं लागलं असतं, आणि तिला तर हेच गाव आवडलं होतं. इथली माणसं कमी बोलत, पण रात्रीतून तिच्या दारातला बर्फ कोण उपसून जातं हे तिला तीन वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. तिने दोन दिवस विचार केला. मंडळी चर्चला येत नसतील तर चर्चने मंडळींकडे जावं, असं ठरवून ती सरळ ऑर्विलच्या खोपटात जाऊन धडकली.

"इथं उपासना?" ऑर्विलने गळावरची नजर काढली नाही. "घेऊ. पण गळ पाण्यातच राहणार."

"राहू देत. मी प्रवचन छोटं करीन. मध्ये दोन मिनिटं मौन ठेवू. मी घंटा वाजवली की डोळे मिटायचे, परत वाजवली की उघडून प्रभूची प्रार्थना म्हणायची. सोपं आहे."

सोपं होतंच. फक्त सोल्वेगला एक गोष्ट माहीत नव्हती. या खोपटांत गळाची दोरी भिंतीवरच्या रिळाला गुंडाळलेली असते, आणि मासा लागला की त्या रिळावरची घंटी वाजते.

रविवारी ऑर्विलच्या खोपटात अकराजण दाटीवाटीने बसले. सोल्वेगने आजीची पितळी घंटा वाजवली मात्र, अकराची अकरा माणसं ताडकन उठून भिंतींना भिडली. रिळं स्तब्ध होती. मंडळी ओशाळून परत बसली.

"ती माझी घंटा होती," सोल्वेग म्हणाली.

"हो, हो. वाईट नाही वाजत," मिल्टन म्हणाला. तो ऑर्विलचा शेजारी आणि जन्माचा भिडस्त.

तिने पुन्हा वाजवली. डोळे मिटले गेले. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल, तोच मिल्टनच्या डोक्यामागची घंटी किणकिणली. मौन संपलं असं समजून सगळ्यांनी डोळे उघडले आणि एका सुरात सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." सोल्वेग दचकली. मौनाला अजून दीड मिनिट बाकी होतं. त्यांना थांबवायला तिने आपली घंटा हलवली, आणि सगळ्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. प्रार्थना 'पित्या'वरच लटकली.

मग ऑर्विलची घंटी वाजली.

आता मात्र कोणालाच कळेना, की डोळे उघडायची पाळी आहे की मिटायची. अशा वेळी आमची माणसं एकच करतात. शेजारचा काय करतो ते बघतात. पण डोळे मिटलेले असताना बघणार कसं? म्हणून सगळे मिटूनच बसले. आणि ऑर्विलचं रीळ फिरत होतं. आधी हळू, मग भरभर, मग घंटीने खोपटं डोक्यावर घेतलं. एवढी दोरी ओढणारा मासा ऑर्विलला साठ वर्षांत लागला नव्हता, हे खोपटातल्या प्रत्येकाला नुसत्या आवाजावरून कळत होतं. पण उपासनेत सगळ्यांआधी उठणं हे आमच्याकडे लग्नात आधी जेवायला बसण्यासारखं. ऑर्विलच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गुडघे घट्ट धरले. ओठ हलत होते.

शेवटी रीळ खिळ्यासकट भिंतीतून उखडलं, बर्फावरून घरंगळलं आणि डुबुक करून भोकात गेलं.



"आमेन," ऑर्विल म्हणाले.

सोल्वेग मान खाली घालून घरी गेली. ठराव झाल्यातच जमा आहे, असं तिला वाटलं. घरी जाऊन तिने दोन खोकी बाहेर काढली आणि एकात पुस्तकं भरलीसुद्धा.

तिकडे ऑर्विल घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. त्यांची बायको डेलोरिस हिने विचारलं, "कशी झाली उपासना?"

"काही विचारू नकोस."

"डोळे का लाल झालेत तुमचे?"

"आज मी प्रार्थना केली, डेलोरिस. अगदी मनापासून. आजवर केलीच नव्हती असं वाटलं."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कशासाठी केली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे डोळे पहिल्यांदाच ओले पाहिलेल्या डेलोरिसला ते विचारायचं सुचलं नाही. ती फोनकडे धावली. मिल्टनच्या घरीही तोच प्रकार झाला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की तळ्यावर पुरुष रडताहेत.

पुढच्या रविवारी बर्फावर गाड्यांची रांग लागली. बायका आल्या, नाती-नातवंडं आली, बटाटे आणि खिमा घालून भाजलेल्या हॉटडिशची सात पातेली आली. जागा पुरेना म्हणून उपासना उघड्यावर झाली. तिथं घंटांचा गोंधळ नव्हता, आणि बोचऱ्या थंडीत लोक खांद्याला खांदा लावून छान गायले. नंतर बायका खोपटांत शिरल्या. त्यांनी पडदे बदलायच्या सूचना केल्या. डेलोरिसने सहज म्हणून ऑर्विलचा गळ हातात घेतला आणि दहा मिनिटांत तीन मासे काढले.

"यात अवघड काय आहे हो?" ती म्हणाली.

ऑर्विल टोपी कानांवर ओढून बाहेर गेले.

तिसऱ्या रविवारी तळ्यावर आणखी गर्दी होती, पण सोल्वेगच्या लक्षात आलं, की त्या अकराजणांपैकी एकही दिसत नाही. मतदान महिनाअखेर होतं आणि मंडळात तेच अकराजण होते. त्यात प्रभुभोजनाचा द्राक्षरस ती चर्चमध्येच विसरली होती. "तुम्ही गाणी सुरू करा, मी आलेच," असं डेलोरिसला सांगून ती गाडीकडे पळाली.

चर्चच्या धुराड्यातून धूर निघत होता. दार नुसतं लोटलेलं. आत अकराही माणसं बसली होती, एका बाकावर एक, सगळी मागच्या बाजूला. कोणी बोलत नव्हतं. मिल्टन कॉफी पीत होता.

"तुम्ही इथं?" सोल्वेग म्हणाली.

"तळ्यावर फार गलका झालाय, पास्टरबाई," ऑर्विल म्हणाले. "माणसाला चार घटका शांत बसायला जागा नाही. मग मिल्टन म्हणाला, इथं कोणी नसेल."

"शेगडीपेक्षा ऊब बरी आहे," मिल्टन म्हणाला. "वाईट नाही अगदी."

"आणि आता आलाच आहात तर घ्या उपासना," ऑर्विल म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

सोल्वेगला हसू आवरेना. "पण ऑर्विल, पुढच्या वर्षी इथं कुलूप असणार ना?"

"असं कोण म्हणतं?"

"तुम्हीच. ठराव तुमचा आहे."

ऑर्विलने खिडकीबाहेर पाहिलं, मग आपल्या बाकाकडे, मग पुढच्या रिकाम्या बाकाकडे. "तो मी मागे घेतो," ते म्हणाले. "हिवाळ्यात माणसाने जायचं कुठं?"

"बरं. पण मला आधी तळ्यावर जायला हवं, तिथं सगळे थांबलेत. उपासना उरकून इकडे येते. आणि डेलोरिसने विचारलं, हे कुठं आहेत, तर काय सांगू?"

"ती नाही विचारणार. तिला ठाऊक आहे," ऑर्विल पाय लांबवत म्हणाले. "आम्ही पलीकडच्या तळ्यावर मासे धरतोय."