तीन बंदरं आणि माझ्या मिशा

माणसाने खरं लिहावं. निदान आकडे तरी खरे लिहावेत. मी एका रविवारी साताच्या जागी पाच लिहिले, आणि त्या दोनाच्या फरकापायी माझ्या मिशा गेल्या.

त्याचं असं झालं. आमच्या कचेरीचे हॅरिससाहेब दर रविवारी नाशकाच्या मैदानावर गोल्फ खेळायचे आणि त्यांचे फटके वहीत टिपायला मला न्यायचे. (पगार कचेरीचा, ऊन रविवारचं.) या खेळात फटके जितके कमी, तितका खेळाडू मोठा. त्या रविवारी साहेबांनी सात फटके मारून चेंडू भोकात घातला. त्यांचा लाल झालेला चेहरा पाहून मला दया आली आणि मी पाच लिहिले. साहेबांनी वही पाहिली, मग मला पाहिलं. "व्हेरी गुड आय, बाबू!" म्हणाले. तेव्हापासून मी साहेबांच्या खास मर्जीतला.

चौतीस सालच्या नाताळात साहेब बोटीने सहलीला निघाले. मुंबईहून कालिकत, कोचीन, कोलंबो आणि परत. बोट बंदराला लागली की उतरायचं, तिथे गोल्फ खेळायचा, पुन्हा बोटीत चढायचं. मोजायला अर्थात मी. साहेबांनी विचारलं आणि मी "येस सर" म्हणालो. आजवर दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

सगळी गल्ली नाशिक रोड स्टेशनवर पोचवायला आली. हार घातले. शेजारच्या खंडेरावांनी स्वतःचा लोकरी कोट दिला. सौ. वत्सलाने घरून निघतानाच हातावर दही घातलं होतं आणि म्हणाली होती, "जपून जा. आणि त्या मिशांना खारं पाणी लागू देऊ नका, आधीच काय कमी आहेत!"

माझ्या मिशांवर तिचा बारा वर्षांचा राग. वडील गेले तेव्हा त्या उतरवल्या होत्या, आणि त्या तेरा दिवसांत ही एकदा बोलून गेली, "असे बरे दिसता." सुतकात असं बोलतात का? मी हट्टाने त्या पुन्हा राखल्या, दुप्पट राखल्या, आणि रोज ताक पिऊन तिच्यासमोर पिळत आलो.

मुंबईला मी बोटीवर चढलो. बोट अजून जाड दोरांनी धक्क्याला बांधलेली होती, पण माझं पोट तेवढ्यात निघालं. जे काही बाहेर आलं ते साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर आलं. साहेबांनी एकच शब्द उच्चारला. (तो मी वहीत टिपला नाही.) दहा मिनिटांत मी सामानासकट धक्क्यावर होतो आणि साहेबांची काठ्यांची पिशवी त्यांचा बटलर इसाक याच्या खांद्यावर होती.

आता घरी कसा जाऊ? हारांची फुलं अजून सुकली नव्हती! धक्क्यावर बसून मी तीन पत्रं लिहिली. "आज कालिकतला खेळलो, समुद्र शांत आहे," वगैरे. इसाक म्हणाला, "बाबूसाब, तुमी फिकर नका करू. ज्या गावाचं कारड त्या गावात टाकतो." आणि मी मनमाडचं तिकीट काढलं. वाटेत नाशिक रोडला गाडी थांबली तेव्हा तोंडावरून घोंगडी ओढून मी मोठ्याने घोरत होतो.

मनमाडहून पुढे देवळ्याला वाल्मीक नावाचा माझा शाळासोबती राहतो. त्याचा कांदा आहे. एकोणीस दिवस मी त्याच्याकडे राहिलो. रिकामं बसवेना म्हणून कांद्याचं रोप लावू लागलो. वाल्मीकची बायको मालनबाई हसून हसून बेजार व्हायची. म्हणायची, "भाऊजी, ओळ वाकडी जाई राहिनी!"

ठरल्या दिवशी मी घरी आलो. तिन्ही पत्रं अगदी वेळेवर पोचली होती. (इसाकसारखा माणूस पोस्टमास्तर व्हायला हवा.) पण वत्सला दारातच माझ्याकडे टक लावून उभी.

"बोटीवर चिखल असतो का हो?" ती माझी नखं बघत होती.

"गोल्फमध्ये असतो."

"कमरेला काय झालं?"

"वाकून वाकून. फटका मारताना वाकावं लागतं."

"तुम्ही तर मोजायला गेला होतात."

"मोजतानाही वाकतात."

पुरावा म्हणून मी साहेबांचा चेंडू काढून दिला. तो माझ्या खिशात राहून गेला होता. तिने तो उजेडात धरला. "तीन गावं खेळला म्हणता, आणि याला धूळसुद्धा नाही?"

"धुतात."

"आणि त्या भोकात पुन्हापुन्हा पडतो, तर ती भोकं बुजवत का नाहीत?"

याचं उत्तर साहेबांनाही देता आलं नसतं. त्या दिवसापासून मला दाट संशय येऊ लागला की हिला संशय आला आहे. मी कोट खुंटीला लावला की ती कोटाचा वास घ्यायची. शेवटी खंडेरावांचा कोट मी स्वतः तीन वेळा उन्हात घातला, आणि तिने विचारलं, "समुद्राचा वास एवढा जात नाही का?" झोपेत आपण कांदे तर मोजत नाही ना, या भीतीने मी झोपेनासा झालो.

इकडे गल्लीत माझा भाव वाढत होता. पोरं मला 'गोल्फवाले काका' म्हणू लागली. वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं. साहेब बोलतील ही भीती नव्हती, बुटांची हकिगत त्यांनाही चारचौघांत नको होती. आता माघार घ्यायची म्हणजे जन्माची छी-थू.

आणि एका सकाळी वत्सला भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्या भाच्याची मुंज आहे पुढच्या महिन्यात, पंचवटीत. तुम्ही कोलंबोला जाऊन आलात. समुद्र ओलांडलात. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"हल्ली कोण घेतं?"

"पुण्यामुंबईला नसतील घेत. माझ्या माहेरी विचारतात. उपाध्यांशी बोलले मी. रामकुंडावर क्षौर, स्नान, पंचगव्य."

"क्षौर म्हणजे…" माझा हात आपोआप वर गेला.

"सगळं."

"अगं, साक्षात राम लंकेला जाऊन आला! त्याने कुठे मिशा उतरवल्या?"

"रामाला मिशा होत्याच कुठे? काळारामाच्या देवळात जाऊन बघा."

तिने माझ्याकडे न बघता मेथीची एक काडी मोडली आणि हळूच म्हणाली, "आता तुम्ही गेलाच नसाल, तर मात्र प्रश्नच नाही."

हा सापळा होता हे मला दिसत होतं. न गेलेला माणूस मिशा देणार नाही, कबूल होईल, असं तिचं गणित! मी रात्रभर (म्हणजे साडेनऊपर्यंत) विचार केला. एका बाजूला बारा वर्षांच्या मिशा, दुसऱ्या बाजूला अब्रू, व्याख्यान आणि खंडेरावांचा कोट. मिशा पुन्हा उगवतात, अब्रू उगवत नाही. सकाळी ताठ मानेने म्हणालो, "चला रामकुंडावर."

न्हाव्याने वस्तरा परजला आणि क्षणभर थांबला. त्यालाही वाईट वाटलं असावं. मग दोन फटक्यांत काम झालं. (हे दोन मी खरे मोजले.) पाठोपाठ नखं काढली, तेव्हा उरलीसुरली देवळ्याची माती गोदेला मिळाली. पौषातल्या पाण्यात बुडी मारली, पंचगव्य घेतलं, आणि ज्या समुद्राचं पाणी पायाला लागलं नाही त्याच्या पापातून मुक्त झालो. माझं पोट दुसऱ्यांदा निघालं होतं, पण उपाध्यांच्या पायात पांढरे बूट नव्हते.

घरी वत्सलाने ओवाळलं. खूप वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत संशयाचा मागमूस नव्हता. मी जिंकलो होतो! मिशा नसलेल्या ओठांनी मी मनसोक्त हसलो.

दुसऱ्या दिवशी जेवायला भाकरी, पिठलं आणि ताटाच्या कडेला फोडलेला कांदा. लाल, रसरशीत.

"झकास आहे. कुठला गं?"

"कोलंबोचा," ती म्हणाली.

माझा घास हातातच राहिला.

"तुम्ही गेल्यापासून पाचव्या दिवशी वाल्मीकभाऊजींची गाडी बाजारात आली होती. मालनबाईंनी गाडीवानाबरोबर अर्धं पोतं धाडलं आणि निरोप दिला, भाऊजी खुशाल शेतस, काळजी करू नका, फक्त ओळ वाकडी लावतात."

"म्हणजे तुला पहिल्यापासून… मग प्रायश्चित्त कशाला?"

"बारा वर्षं मी किती प्रकारे सांगून पाहिलं! ऐकलंत एकदा तरी?" तिने माझ्या ताटात आणखी एक फोड टाकली आणि मान तिरकी करून माझा चेहरा न्याहाळला. "तेरा दिवसच पाहायला मिळाला होता मला. बरे दिसता."

मी खाली मान घालून कांदा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचंच, असं समजा.

थोड्या वेळाने ती ताक वाढत म्हणाली, "अहो, साहेब पुढच्या नाताळात कुठे जाणार आहेत? तोवर पुन्हा वाढतील, म्हणून विचारते."