अचानक भेटींचं वार्षिक नियोजन

"यंदा एकही शाळा मला गंडवू शकणार नाही!" गटशिक्षणाधिकारी दिनानाथ वर्तकांनी टेबलावर मूठ आपटली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा वर्षाचा कारभार त्यांच्या हाती, आणि कारभार म्हणजे नियोजन! यंदाचं नियोजन जिल्ह्याच्या साहेबांना आवडलं की अलिबागला बदली. मग चौलचं घर, सुपारीची वाडी आणि एकटीनं सासूबाईंना सांभाळून वैतागलेली बायको मानसी, सगळं जवळ!

म्हणून त्यांनी हुकमाचा एक्का काढला. अचानक भेटी! वर्षभराच्या अचानक भेटी तारीखवार आखल्या, लाल-हिरव्या रंगवल्या आणि कार्यालयातल्या प्रज्ञा मॅडमना म्हणाले, "पाठवा सगळीकडे."

"शाळांनासुद्धा?"

"अहो, नियोजन आहे ते! शाळांना नको कळायला?"

साहेबांच्या डोक्याबद्दल शंका घ्यायचा पगार मॅडमना मिळत नव्हता. त्यांनी पाठवून दिलं.

पहिली भेट बोर्ली पंचतनपलीकडच्या एका कोळीवाड्यात. साहेब जीपमधून उतरतात तो काय, दारात रांगोळी, पोरांचं लेझीम, आणि शाळा समितीच्या अध्यक्षा येसूबाई ओवाळायला उभ्या!

"सायेब, किती हा उशीर! सुरमई गार झाली ना!"

"अहो, मी अचानक आलोय!"

"व्हय, म्हाईत हाय. धा वाजता अचानक येनार व्हतात."

पटावरची झाडून सगळी पोरं हजर. पटावर नसलेलीही हजर! साहेबांनी मुकाट्यानं शाल घेतली, सुरमई खाल्ली आणि घरी फोन लावला.

"अचानक जायचं तर कळवून कशाला जाता?" मानसी म्हणाली.

"तुला प्रशासनातलं काय कळतंय!" ते खेकसले. पण बोलणं झोंबलंच.

पुढच्या भेटीला जीप ठरलेल्या शाळेकडे वळलीच नाही. थेट डोंगराकडची भलतीच शाळा गाठली. शाळेला हे एवढं कुलूप! समोरच्या ओटीवर कोंडाजी म्हातारा जाळं विणत बसला होता.

"मास्तर कुठायत?"

"सायबाच्या स्वागताला गेलं, पोरं घेऊन. तिकडं पोरं कमी पडत व्हती."

सापडला चोर! वर्तक नाचायचेच बाकी होते. कुलपाचा फोटो काढून त्यांनी लगेच जिल्ह्याला धाडला. आता अलिबाग पक्कं! तेवढ्यात फोन वाजला. जिल्ह्याचे साहेब!

"वर्तक, आहात कुठे?"

"अचानक भेटीवर, साहेब!"

"तुमची अचानक भेट बघायला मी मुद्दाम ठरलेल्या शाळेत आलोय. पोरं उन्हात उभी आहेत, तुमचा हार माझ्या गळ्यात पडलाय, आणि तुमचाच पत्ता नाही?"

"पण साहेब, अचानक म्हणजे..."

"नियोजन म्हणजे नियोजन!"

आठवड्यात नोटीस आली. 'नियोजनाप्रमाणे अचानक उपस्थित न राहिल्याबद्दल खुलासा सादर करावा.' बदली अर्थातच बोंबलली. रडवेल्या आवाजात त्यांनी मानसीला सगळं सांगितलं.

"आणि त्या कुलूपवाल्या मास्तरांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"त्यांना शाबासकी मिळाली. ठरल्या जागी हजर होते ना!"