तक्त्यावरचा आज्जा

सात वाजून दहा मिनिटं झाली तरी सिदू न्हाणीच्या दारात उभा होता, आणि त्याची आई राजेश्वरी तव्यासारखी तापली होती.

"आज्जा," सिदू म्हणाला. विसाव्यांदा.

सात वर्षांचा सिदू स्वमग्न होता. रोजचा क्रम ढळला की कानांवर हात ठेवून तासभर किंचाळायचा. म्हणून धाराशिवच्या थेरपीच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे राजेश्वरीनं भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला: ब्रश, बादली, गणवेश, भाकरी, रिक्षा. तो अंगवळणी पडायला तीन महिने गेले. पडला, आणि सासऱ्यांना, सोमलिंगप्पांना, अपमान वाटला.

"तक्त्यात बादली हाय, रिक्षा हाय. घरातला कर्ता मानूस कुठं हाय?"

रविवारी त्यांनी स्वतःचा सत्काराचा फोटो, फेट्या-हारासकट, ब्रश आणि बादलीच्या मधोमध डकवला. नातवानं सकाळी पाया पडावं, एवढीच अपेक्षा. सिदूनं मात्र तक्ता होता तसा वाचला: ब्रश, मग आज्जा, मग बादली. चार दिवस तो आज्जाला हाताला धरून न्हाणीत नेत होता. एक तांब्या स्वतःवर, एक आज्जावर.

आणि आज आज्जा उमरग्याला लग्नाला निघाले होते. राजेश्वरीनं फोन लावला.

"मामा, कुठं हाव?"

"यष्टीत. अजून ष्टँडावरच हाय. खिडकी गावली!"

"उतरा."

"अगं, अक्षता हायत साडेधाला! अन् म्या पहाटंच आंघूळ केली."

"तुमची झाली. तक्त्यावरची न्हाय झाली. रिक्षा यायला चाळीस मिन्टं राहिलीत. आज शाळा बुडली तर माझं तीन महिन्यांचं सगळं पाण्यात!"

"मग फाडून टाक की तो फोटो!"

"फाडते! अन् त्याला वाटलं आज्जाच फाटला, तर?"

शेजारी तिकीट फाडणारा कंडक्टर सगळं ऐकत होता. "काका, न्हाऊन या," तो म्हणाला. "लगीन कुठं तुमचं हाय?"

सात पंचविसाला कडक इस्त्रीचं धोतर, नवा सदरा, कपाळी विभूती अशा थाटात सोमलिंगप्पा न्हाणीत बसले. कपडे काढायला सिदूनं सवडच दिली नाही. एक तांब्या स्वतःवर, एक आज्जावर. मग तो समाधानानं गणवेशाकडं वळला. रिक्षा वेळेवर सुटली.

"आता तरी काढ ते!" निथळत सोमलिंगप्पा गरजले.

"न्हाय काढनार. तुमी डकवलाव, तुमीच निभवा. रोज सातला. लगीन असू दे, न्हायतर मयत."

सोमलिंगप्पांनी दाद मागायला बायकोकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं एकदाही दळण आणलं नव्हतं. महानंदाबाई जमिनीवर बसून जुन्या अल्बममधला नवऱ्याचा आणखी एक फोटो कात्रीनं अगदी कडेकडेनं कापत होत्या.

"राजेश्वरी," त्या म्हणाल्या, "तुला गिरणीचं चित्र काढता येतं का गं?"