आत काही नाही

ओंकारेश्वराच्या घाटावर त्या सकाळी कावळ्यांचा तुटवडा नव्हता. नदीकाठच्या झाडावर ते चिकार बसले होते. फक्त वैजनाथ कडूसकरांच्या पिंडाकडे ढुंकून बघायला त्यांतला एकही तयार नव्हता. शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी दहाव्याचा पिंड मांडला, तर मांडणाऱ्याने हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवून मोकळा झाला आणि ती मंडळी सुटल्यासारख्या चेहऱ्याने चहा प्यायला निघूनही गेली. आभाळ भरून आलं होतं, नदीला वास येत होता आणि सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

अभय नुकत्याच तासलेल्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता. वडील गेल्याचं दुःख होतंच. नाना बोलायला तिरके, पण ते बाहेर गेले की घर रिकामं वाटायचं आणि आता ते कायमचंच रिकामं वाटणार होतं. त्याहून मोठी काळजी आईची होती. नाना गेल्यापासून सुशीलाबाई धड जेवल्या नव्हत्या, रडल्या नव्हत्या आणि 'हो', 'नको' यापलीकडे बोलल्याही नव्हत्या. भेटायला येणारे बोलून बोलून दमायचे आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. अभयची बायको निकिता एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "आईंचं काही खरं दिसत नाही रे." तेव्हापासून अभय आईला एकटं सोडत नव्हता.

"बोला, काही राहिलं असेल तर शब्द द्या," गुरुजी म्हणाले. "मला पुढं अजून दोन घरं आहेत."

अभयने हात जोडले. "नाना, आईला मी कधी अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

नानांचे धाकटे भाऊ संतोषकाका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "दादा, सासवडच्या जमिनीचं भांडण मी मिटवून टाकतो."

एका कावळ्याने तोंड फिरवलं. काकांना आतून जरा बरंच वाटलं.

"नाना, तुमचं कपाट आम्ही भंगारात काढणार नाही," निकिता म्हणाली. तेवढं ऐकून तो कावळा उडाला आणि नदीपलीकडे निघून गेला.

"असं करू," गुरुजी घड्याळात बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

"नको."

हे सुशीलाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. त्या पदर सारखा करून पुढे आल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक पुरं वाक्य बोलल्या. "दर्भाचा नको. ह्यांची एक इच्छा राहिलीय. ह्यांना शनिवारवाडा आतून बघायचा होता."

नानांचा जन्म शनिवार पेठेतला, संसार शनिवार पेठेतला, आणि मरणही तिथेच, गॅलरीतल्या खुर्चीत. त्या गॅलरीतून वाड्याचा बुरूज दिसायचा. परगावचे लोक वाट चुकून खाली उभे राहिले, की नाना वरूनच सांगायचे, "सरळ जा, डावीकडे वळा. पण आत काही नाही हं बघण्यासारखं." घरातल्या कुणीही वाडा आतून पाहिल्याचं अभयला माहीत नव्हतं. घरापासून पाच मिनिटांवरची जागा तिकीट काढून बघणं पुणेकराला शोभत नाही, असं नानांचं मत होतं.

"नानांना? शनिवारवाडा?" अभय म्हणाला.

"हो," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा धग होती. त्या धगीनेच अभयला हुरूप आला. त्याने पुन्हा हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "नाना, शनिवारवाडा दाखवतो. उद्याच दाखवतो."

फांदीवरून एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला आणि मान वाकडी करून थांबला.

"थांबला!" काका कुजबुजले. "कमी पडतंय. वाढवा."

"लाल महालसुद्धा," निकिता घाईने म्हणाली.

कावळा जागचा हलला नाही.

"पर्वती," सुशीलाबाई म्हणाल्या. "वरपर्यंत."

कावळ्याने चोच मारली, भाताचा घास उचलला आणि उडून गेला. गुरुजींनी पळी खाली ठेवली. "सुटलात. म्हणजे, ते सुटले. आता दिलेला शब्द तेराव्याच्या आत पाळा. नंतर काही झालं की मला फोन करत बसू नका."

घरी आल्यावर खरी अडचण पुढे आली. गेलेल्या माणसाला शनिवारवाडा दाखवायचा म्हणजे करायचं काय? अभयचं म्हणणं, आपण जाऊन यावं, मनात नानांचं स्मरण करावं. काकांना ते पटेना. "तू 'बघतो' म्हणाला नाहीस, 'दाखवतो' म्हणालास. सगळ्यांसमोर म्हणालास. आपण बघून त्याला काय?" शेवटी हार घातलेला नानांचा फोटो बरोबर न्यायचं ठरलं. अभयला खराडीच्या ऑफिसात आणखी एक दिवस रजा कळवायची होती. वडील वारले म्हणून आधीची रजा घेतली होती, आता वडिलांना फिरायला न्यायचंय हे कसं कळवणार? त्याने 'उरलेले विधी' असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराव्याचे विधी आटोपून वरात तशीच निघाली. अभयचा गोटा, काकांचा गोटा आणि त्यावर राखलेली शेंडी. काका धोतर-उपरण्यातच होते. मागून निकिता आणि तिच्या हाताला धरून सुशीलाबाई. लाल महाल जवळच होता, तो काकांनी आधी नानांना तिन्ही बाजूंनी दाखवला आणि एक काम संपल्याचं समाधान करून घेतलं. मग सगळे वाड्याच्या दिल्ली दरवाजाशी आले. तिथल्या रखवालदाराने फोटो बघून हात आडवा केला.

"हे काय?"

"वडील," अभय म्हणाला.

"आत कार्यक्रम करता येणार नाही."

"कार्यक्रम नाही. त्यांना वाडा बघायचाय."

"कुणाला?"

"वडिलांना."

रखवालदाराने फोटोकडे पाहिलं, दोन्ही गोट्यांकडे पाहिलं आणि फार विचारात न पडता म्हणाला, "पिशवीत घाला मग."

"पिशवीत घातला तर त्याला दिसणार कसं?" काका उसळले.

"मग हार काढा. हार घातलेला फोटो म्हणजे कार्यक्रम. नुसता फोटो म्हणजे सामान."

हार पिशवीत गेला आणि नाना सामान म्हणून आत गेले.

आत खरोखरच काही नव्हतं. हिरवळ, दगडी जोती, कोरडं कारंजं आणि त्यांच्यामधून हिंडणारी माणसं. अभयचा जीव कसानुसा झाला. एवढ्यासाठी नाना अडून बसले होते? त्याने फोटो छातीशी धरून चारी दिशांना फिरवला. सुशीलाबाई मात्र निकिताचा हात सोडून पुढे गेल्या होत्या. प्रत्येक जोत्यापाशी थांबायच्या, वाकून बघायच्या, दगडावरून हात फिरवायच्या.

तेवढ्यात इंदूरच्या एका कुटुंबाने काकांना गाठलं. डोक्याचा गोटा, शेंडी, धोतर, उपरणं. वाड्यातल्या खेळात पेशवा होणारा नट, असा त्यांचा समज झालाच होता. "भैया, शो कितने बजे है? एक फोटो मिलेगा?"

"शो नहीं है, हमारे घर में..." अभय सांगायला गेला, पण काका आधीच छाती काढून उभे राहिले होते. फोटो झाला. मग त्या बाईंनी एका जोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "ये क्या था?"

आता जन्मभर शनिवार पेठेत राहिलेला माणूस 'माहीत नाही' कसं म्हणणार? "ये रसोईघर था," काका बेधडक म्हणाले. "पाचसौ लोगों का खाना बनता था. वो उधर हाथी का पानी." त्यांचा आवाज ऐकून आणखी चार माणसं जमली, त्यांच्यामागे एका शाळेची सहल येऊन थांबली, आणि बघता बघता काका उपरणं सावरत पुढे अन् अख्खा घोळका मागे, असं सुरू झालं. भावाच्या अकराव्याला काका इतके खुलतील असं कुणाला वाटलं नसतं. अभयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फोटो पाठीमागे लपवून चालू लागला, तर मागून निकिता म्हणाली, "अरे, त्यांना आता फक्त तुझी पाठ दिसतेय."

"संत्या, काय फेकतोयस?" घोळक्यातून आवाज आला. झाडाखालच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले होते. कसब्यातले गेनबा, नानांचे शाळेपासूनचे दोस्त. "ते कसलं रसोईघर! तिथं आमचा पत्त्यांचा अड्डा असायचा. मी, वैजू आन् दोघं-तिघं. वैजू त्या कोपऱ्यातल्या दगडावर बसायचा, पाठीला गार लागतं म्हणून."

अभय जागीच थांबला. "नाना इथं यायचे?"

"यायचे म्हंजे? रिटायर झाल्यापास्नं रोज संध्याकाळी. पार जाईस्तोवर." गेनबांनी गुडघ्यावर हात ठेवला. "दहाव्याला यायचं होतं रे, पण गुडघा साथ देईना. म्हटलं, इथंच बसून त्याची आठवण काढू." मग त्यांना फोटो दिसला. त्यांनी काठी बगलेत धरून नानांना हात जोडले.

इंदूरच्या बाईंनीही जोडले. सहलीतल्या मुलांनीही जोडले. कुणाला जोडतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

अभयचं डोकं मात्र चालू झालं होतं. संध्याकाळी नाना मंडईत जायचे. कोथिंबीर आणायला. दिवेलागण झाली की एक सुकलेली जुडी घेऊन परतायचे आणि गर्दीच्या नावाने बोटं मोडायचे. म्हणजे ते सगळं इथे चाललं होतं? मग घाटावर अडलेली ती इच्छा कसली? आणि हे आत्ता आईसमोर उघडं पडलं, आता तिचं काय होणार? त्याने घाबरून मागे पाहिलं.

सुशीलाबाई त्या कोपऱ्यातल्या दगडावर बसल्या होत्या. पाठ टेकून.

"आई," अभय खाली बसत म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

"काय लावून घ्यायचंय? मला ठाऊक होतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "एक जुडी आणायला कुणाला रोजची संध्याकाळ लागत नाही."

"मग काल घाटावर तू..."

"माझी इच्छा होती ती." त्या शांतपणे म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणत होते, एकदा आतून दाखवा. दर वेळी एकच. 'आत काही नाही.' माझं म्हणणं, नसू दे. पण काही नाही म्हणजे किती काही नाही, ते तरी बघू द्या. नंतर नंतर मागणंच सोडलं. काल सगळे इच्छा विचारत होते. बाईमाणसाला तशी कोण विचारतं? म्हटलं, ह्यांच्या नावावर खपवून बघू."

निकिताने पदर नसल्यामुळे तोंडाला ओढणी लावली. ती हसतेय की रडतेय ते कळेना.

"पण मग कावळा शिवला कसा?" काकांनी विचारलं. त्यांचा सगळा घोळका पांगला होता.

"लाज वाटली असेल ह्यांना," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी अभयच्या हातातला फोटो घेतला, मांडीवर उभा धरला आणि नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "इथं रोज गार दगडाला पाठ लावून बसत होतात. मी घरी एकटी वाट बघत होते. मला आणलं असतं तर पत्ते काही बंद पाडले नसते मी. जागा होती की हो इथं अजून एका माणसाची." एवढं म्हणून त्यांचा आवाज फुटला. इतके दिवस अडलेलं रडू एकदम बाहेर आलं. त्या हुंदके देऊन रडल्या, आणि अभयही त्यांच्या खांद्यावर गोटा टेकून लहान मुलासारखा रडला. गेनबा दुसरीकडे बघत उभे राहिले.

पर्वतीवर पोचायला संध्याकाळ झाली. सुशीलाबाई दर थोड्या पायऱ्यांनी बसत आणि पुन्हा उठत. "राहू दे ना," असं अभय दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा त्यांनी "वरपर्यंत शब्द दिलाय" असं सुनावलं. तेरावा व्हायचा होता, म्हणून देवळात न जाता सगळे बाहेर कठड्याशी बसले. खाली सगळं शहर राखाडी पसरलं होतं. निकिताने वाटेत घेतलेला पेरू कापून, तिखट-मीठ लावून पुढे केला. नको म्हणतील असं तिला वाटलं होतं, पण सुशीलाबाईंनी फोड घेतली, मग दुसरी घेतली. अभय तिकडे बघत नाही असं दाखवून बघत होता.

नानांचा फोटो कठड्याला टेकवून ठेवला होता, हार पुन्हा चढवून. त्यांच्या पलीकडे ढगांत एका डोंगराची रेघ दिसत होती.

"सिंहगड ना रे तो?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"हो."

सुशीलाबाईंनी बोटांवरचं तिखट-मीठ झटकलं. मग म्हणाल्या, "मासिक श्राद्धालाही पान ठेवतात ना कावळ्याला?"

"ठेवतात," काका म्हणाले. "का हो वहिनी?"

"काही नाही. ह्यांचा सिंहगड राहिलाय."

"ह्यांचा?" अभयने विचारलं.

"ह्यांचाच," सुशीलाबाई म्हणाल्या आणि पेरूची आणखी एक फोड उचलली.