शिवणताईंची पहिली उपासना

माणसं घडवावीत तर आम्हीच! त्या रविवारी सकाळी दाढी करताना मी बायकोला हेच सांगत होतो. ती म्हणाली, "आधी गळ्यावरचा साबण पुसा."

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आमच्या छोट्याशा चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश करतात, पण बाकीची सगळी उपासना कितीतरी वर्षं मीच चालवत आलोय. "काका, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी तुमच्या जागी कुणाला तरी उभं करा," असं पाळकसाहेबांनी बजावलं, आणि मी शिवणताईंना निवडलं.

शिवणताईंचं कपडे शिवायचं दुकान आहे. लोक माप द्यायला येतात आणि घरातली भांडणं सोडवून घेऊन जातात. बाई गुणाची, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मागच्या बाकावर जाऊन बसतात. मी पार हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कंटाळून शेवटी त्या म्हणाल्या, "एकदाच उभी राहीन, काका. फजिती झाली तर पुन्हा विचारायचं नाही."

"फजिती कशी होईल? मी पहिल्या रांगेत बसून खुणा करतो ना!"

खुणा सोप्या होत्या. दोन्ही हात वर केले की सावकाश बोला. एक हात हलवला की पुढे चला. उभा राहिलो की आवाज वाढवा. एवढ्या तयारीत शेंबडं पोरसुद्धा उपासना चालवेल, असं मला वाटलं.

एकच गोष्ट डोक्यात आली नाही. इतकी वर्षं अख्खी मंडळी माझ्या हाताकडे बघूनच उठबस करत आली होती.

उपासना सुरू झाली. ताईंनी आठवड्याच्या कार्यक्रमांच्या सूचना वाचायला घेतल्या, त्या सुसाट. मी दोन्ही हात वर केले. झालं, प्रार्थना समजून सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या. समोर माझे सोडून एकही उघडा डोळा दिसेना, तशा ताई गांगरल्या आणि सूचना अर्धवट सोडून त्यांनी खरंच प्रार्थना सुरू केली.

आत्ता नको, पुढे चला, म्हणून मी हात हलवला. कीबोर्डवाल्या मास्तरांनी नेमका तेव्हाच डोळा किलकिला केला असावा. त्यांनी गीत वाजवायला घेतलं. अर्धे लोक गायला लागले, अर्धे आमेनची वाट बघत राहिले. त्या गोंधळात ताईंचा आवाज पार बुडाला, म्हणून मी उभा राहिलो. मंडळी उभी राहिली. मी घाईघाईनं बसलो. मंडळी बसली. मागच्या बाकावरच्या आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "आज व्यायाम आहे का?"

ताईंनी गीतांचं पुस्तक मिटलं. डोळे भरून आले होते. आता ही बाई खाली उतरणार आणि जन्मात पुन्हा वर चढणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. सगळं माझ्यामुळेच झालं होतं, आणि तेही चांगल्या मनानं.

ताईंनी पदरानं डोळे पुसले. मास्तरांकडे बघून त्यांनी कीबोर्ड थांबवायला लावला आणि हलक्या पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी उठलो आणि दाराकडे निघालो. मागे वळून पाहतो, तर अख्खी मंडळी माझ्या पाठोपाठ निघालेली.

"फक्त काका," ताई म्हणाल्या.

सगळे हसले. ताईही हसल्या, आणि त्या हसण्याबरोबर त्यांची भीतीही गेली. बाहेरच्या पायरीवर बसून मी सगळी उपासना ऐकली. सूचना झाल्या, गीत झालं. आजारी माणसांसाठी प्रार्थना करताना त्या माझा गुडघाही विसरल्या नाहीत. तेव्हा मात्र मला रडूच आलं.

उपासना संपल्यावर ताई पाणी घेऊन आल्या. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या शेजारी बसून मायेनं म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, काका. पहिल्याच दिवशी कुणाला जमतं? येईल हळूहळू गप्प बसायला."

ऑपरेशन अजून व्हायचंय, तोवर रोज संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात जातो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून अर्धा तास बसतो. प्रगती बरी आहे, असं ताई म्हणतात.